रुमालाखालचा भाव

कळंबोली म्हटली की आता लोखंड बाजार. सिडको येण्याआधी इथं भातशेती होती. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर बोरघाट उतरून यायचे, कापल्या रानात मेंढरं बसवायचे. खताच्या बदल्यात आम्ही भात द्यायचो.

त्यांच्या बातम्या पक्क्या. गवत कुठं, पाणी कुठं, कुठल्या गावात मेंढराला रोग लागलाय, सगळं या वाड्यावरून त्या वाड्यावर जायचं. भाव तेवढा कळायचा नाही. बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचा, शेजारी उभ्याला पत्ता नाही. आता लोणंदचा भाव फोनवर तासाभरात कळतो. पण मेंढरू नजरेनंच तोलतात, काट्यावर नाही. मग नुसता भाव कळून काय करायचं?

मोजणीचं आणखी वेगळं. "बाबा, मेंढरं किती?" विचारलं की म्हातारा हसायचा, "हायती की, देवाच्या दयेनं." आकडा सांगितला की नजर लागते, अन् चराईचे पैसेही वाढतात! 2019 च्या पशुगणनेत राज्यात सुमारे 27 लाख मेंढ्या निघाल्या. 2024 ला सुरू झालेल्या गणनेत भटक्या पशुपालकांची पहिल्यांदाच वेगळी नोंद ठेवली. लस, दवाखाना यांची आखणी याच आकड्यांवर होते, तेव्हा तिथं खरं सांगावं. चराई मागणाऱ्याला म्हाताऱ्याचंच उत्तर द्यावं.