मामाची यादी

संगणक या विषयावर मी फुकट सल्ले देत असतो, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. कोणता फोन घ्यावा, पासवर्ड कुठे लिहून ठेवावा (वहीत. खुशाल वहीत लिहा), चौथीतल्या पोराला कोडिंगच्या क्लासला घालावं का (नको). त्यामुळे गेल्या दिवाळीत मामीनं माळा आवरताना सापडलेली एक सीडी माझ्या हातात ठेवली आणि "बघ रे, यात काय आहे" म्हणाली, तेव्हा मी अगदी सहज "दोन मिनिटांचं काम" असं म्हणून गेलो. ते दोन मिनिटांचं काम पाच महिने चाललं.

सीडीवर निळ्या स्केचपेननं लिहिलं होतं : वाचनालय यादी, २००१.

आमचं गाव कृष्णाकाठचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे जो महापूर आला, त्यात गावातलं वाचनालय पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर खालच्या तीन-चार फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांना अशी चिकटली होती की कपाटाची दारं उघडेनात. दाखल नोंदवह्या टेबलाच्या खणात होत्या, त्यांचा लगदा झाला. आता वाचनालय म्हटलं की पुस्तकं डोळ्यांपुढे येतात, पण खरं वाचनालय असतं ते त्या नोंदवहीत. कोणतं पुस्तक कधी आलं, कोणी दिलं, किती किमतीचं, कोणत्या कपाटात. ती गेल्यावर काय गेलं हेच कुणाला सांगता येईना. मुंबई-पुण्याच्या गावकऱ्यांनी पैसे जमवले, पुस्तकं घेतलीही. पण जुनं काय होतं हे माहीत नसल्यामुळे जी घेतली ती आपली दुकानदारानं पुढे केली ती, म्हणजे श्रीमंत कसे व्हावे, पहाटे चारला का उठावे वगैरे. (पहाटे चारला उठणारी माणसं आमच्या गावात भरपूर आहेत, म्हशी असतात ना. श्रीमंत कुणी झाल्याचं ऐकिवात नाही.)

मामा शाळामास्तर. निवृत्तीनंतर बारा-तेरा वर्षं वाचनालयाचा कार्यवाह होता. १९९८ ते २००१ या काळात त्यानं सगळी यादी संगणकावर चढवली, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, कारण तेव्हा त्याचा सत्कार झाला होता. शाल, श्रीफळ आणि पूर्ण भाषण. मामा २०१२ साली गेला. यादी कुठे गेली याची त्यानंतर कुणी चौकशी केली नाही.

तर सीडी. आधी सीडी वाचणारं यंत्र शोधण्यात एक आठवडा गेला. हल्लीच्या लॅपटॉपला ती फट नसतेच. शेवटी एका मित्राच्या बंद पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरमधून ड्राइव्ह काढला. सीडी फिरली, घरघरली आणि चक्क वाचली गेली! एक्सेलची एकच फाइल, ६४१२ ओळी. मी खुर्चीतून उठून नाचायचा बाकी होतो.

उघडली, तर पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं. लहान-मोठी, मध्येच कंस, अवतरणचिन्हं, डॉलर, तिरप्या रेघा. दाखल क्रमांक आणि किंमत यांचे आकडे तेवढे शाबूत. म्हणजे ४१७ क्रमांकाचं पुस्तक बारा रुपयांचं होतं एवढं कळत होतं, पण ते कोणतं हे नाही.

ज्यांनी त्या काळात मराठीत काही टंकलं असेल त्यांच्या लक्षात आलंच असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. त्या वेळच्या फॉन्टांची एक लबाडी होती. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजीच लिहितोय, फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी चित्र मराठी अक्षराचं बसवलेलं असायचं. ई दाबला की म दिसायचा, जे दाबला की र, के दाबला की काना. 'मराठी' हा शब्द फाइलीत साठवला जायचा तो ई, जे, के, मोठा बी, एच असा. जोवर फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की मागे उरतं ते खरं पोटातलं, आणि ते मराठी कधी नव्हतंच.

याला मामाचा इलाज नव्हता हे कबूल. पण भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं मानक १९९१ मध्येच ठरलेलं होतं. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातला देवनागरीचा भाग 'इस्की'च्याच आधीच्या आराखड्यावरून घेतला होता. म्हणजे अक्षराला स्वतःचा क्रमांक द्यावा, चित्र नंतर बघू, ही अक्कल जगात आलेली होती. मग दहा-पंधरा वर्षं आपण चित्रंच का साठवत बसलो? माझं आपलं एक मत आहे. आपल्याला संगणक हवा होता तो छापण्यासाठी. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक. कागदावर मराठी उमटलं की काम झालं. ते पुन्हा शोधावं लागेल, दुसऱ्या यंत्रावर न्यावं लागेल, वीस वर्षांनी कुणा भाच्याला वाचावं लागेल, हे डोक्यातच नव्हतं. महागडा टाइपरायटर, बस्स.

आणि आपण सुधारलोय असं समजू नका. आज प्रत्येकाच्या खिशात युनिकोड आहे, तरी वाचनालयाची सूचना येते ती व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून. मागे झेंडूची फुलं, पुढे वळणदार अक्षरं. सहा महिन्यांनी "ती वर्गणीची तारीख काय होती?" म्हणून शोधायला जा, सापडत नाही. पुन्हा चित्रंच. असो.

फॉन्ट बनवणाऱ्याचं नाव घेत नाही. तो फॉन्ट मुळात कुणाकडून तरी आलेला, थोडा फेरफार केलेला असावा. कारण नेटवर मिळणारी परिवर्तकं लावून पाहिली तर निम्मं मराठी यायचं आणि निम्मं दगड-धोंडे. मग मी आळशीपणा केला. हल्लीच्या एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला शंभर ओळी दिल्या आणि म्हटलं, ओळख. त्यानं तीस सेकंदांत सुंदर यादी दिली. शुद्धलेखन निर्दोष, लेखकांची नावं ठसठशीत. मी खूश! रात्री मामीला फोनवर वाचून दाखवली. सातव्या-आठव्या नावाला ती म्हणाली, "हे नव्हतं रे आपल्याकडे."

"तुला कसं माहीत?"

"ह्यांना आवडायचा नाही तो लेखक. घेतलंच नसतं."

पडताळून पाहिलं तर यंत्रानं सोपी नावं बरोबर लावली होती आणि जिथे अडलं तिथे साधारण अशा वाचनालयात असेल असं एखादं पुस्तक खपवून दिलं होतं. म्हणजे पुरात गेलेल्या पुस्तकांच्या जागी दुकानदारानं केलं तेच, फक्त जास्त गोड बोलून. मला या यंत्रांचं कौतुक आहे, रोज वापरतो. पण दगड-धोंडे निदान प्रामाणिक असतात. ते "मी मराठी आहे" असं सांगत नाहीत.

मग मुकाट्यानं स्वतः प्रोग्राम लिहायला घेतला. वाटतं तितकं सरळ नाही हे. काना म्हणून जो के, तोच अर्ध्या ण पुढे आला की काना नसतो, ण ची काठी असते. पहिली वेलांटी दिसते आधी म्हणून फाइलीतही आधी. 'किंमत' या शब्दात वेलांटी, मग क, मग अनुस्वार. युनिकोडला क आधी हवा, वेलांटी नंतर. रफार याच्या उलट. 'सर्व' मध्ये तो व च्या डोक्यावर, म्हणून टंकताना व च्या नंतर, पण उच्चारात आधी. प्रत्येक वेलांटीला धरून मागे न्या, प्रत्येक रफाराला उचलून पुढे आणा. हे सगळं जमल्यावरही चाळीसेक चिन्हं उरली, ज्यांचा पत्ता लागेना.

ती घेऊन संक्रांतीला गावी गेलो. मामीच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. ती भाजी निवडत होती. चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक कीबोर्ड आण बघू. मोठा. हा चपटा नको." ड्राइव्ह काढला त्याच कॉम्प्युटरचा कीबोर्ड गाडीत पडला होता, तो आणून दिला. कशालाही जोडलेला नाही, वायर लोंबतेय. तिनं पडद्यावरची इंग्रजी अक्षरं बघत बोटं चालवली, खट खट खट, आणि म्हणाली, "प्रवासवर्णन."

मी बघतच राहिलो.

पुढची ओळ. खट खट. "संत वाङ्मय. हा ङ्म ऑल्ट धरून नंबर मारून काढायचा, त्याचा तक्ता होता माझ्याकडे. आता तक्ता नाही, पण थांब..." डोळे मिटून उजव्या हाताची बोटं आकड्यांच्या बटणांवर ठेवली आणि नंबर सांगितला. मी प्रोग्राममध्ये घातला. बरोबर!

मामी मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास. लग्नाआधीपासून एका सरकारी कचेरीत टंकलेखिका होती, हे मला माहीत होतं. म्हणजे जसं "मामीला भरतकाम येतं" हे माहीत असतं तसं. मी विचारलं, "मामी, म्हणजे ही यादी तू...?"

"मग? ह्यांना कुठं टायपिंग येत होतं? एका बोटानं अक्षर शोधायचे. ते नोंदवही घेऊन वाचायचे, मी बडवायचे. ऑफिसातून आलं की रोज तासभर. तीन वर्षं."

शाल, श्रीफळ आणि पूर्ण भाषण. त्या सत्काराला मी होतो. मामी पहिल्या रांगेत बसली होती आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिला विचारलं, तेव्हा काही बोलली का नाहीस? म्हणाली, "विचारलं कुणी?" आणि परत मेथी निवडायला लागली. रागानं नाही हं. मला मात्र कुठे बघावं कळेना.

एकूण नऊ रविवार बसलो. तिचा बोटांचा वेग अजून माझ्याहून जास्त आहे. एक गंमत सांगतो. यादी तयार झाल्यावर मी ऐटीत 'वाऱ्यावरची वरात' शोधून दाखवायला गेलो. नाही म्हणाला. पुलंशिवाय वाचनालय? मग कळलं की ऱ्य काढायची त्या फॉन्टात सोय नव्हती, म्हणून मामीनं टाइपरायटरच्या सवयीनं मध्ये आडवी रेघ मारली होती. डोळ्यांना बरोबर दिसतं, यंत्राला 'वा' आणि 'यावरची' असे दोन तुकडे. अशा दोनशे अकरा रेघा निघाल्या. सगळ्या सरसकट बदलता येईनात, कारण काही रेघा खरोखरच्या रेघा होत्या.

पण खरा खजिना निघाला तो शेऱ्याच्या रकान्यात. नोंदवहीत तिथे फार तर 'जीर्ण' किंवा 'गहाळ' असतं. इथे गप्पाच होत्या. 'पृष्ठे ३३ ते ४० नाहीत, तरी बाद करू नये, दुसरी प्रत मिळत नाही.' 'हे पुस्तक सरपंचांनी दिले, वाचलेले दिसत नाही, पाने फाडलेली नाहीत.' 'बाळंतपणावरचे. कपाटात मागे ठेवले आहे, बायकांनी मागितल्यास विचारपूस न करता द्यावे.' मी वाचताना हसत होतो. मामाचा आवाज ऐकू येत होता अगदी. तरी हा शेवटचा शेरा मामाचा वाटेना. मामीकडे पाहिलं.

"काही माझे आहेत," ती म्हणाली. "ते पाणी प्यायला उठायचे ना मध्ये."

यादी आता वाचनालयाला दिली आहे. एक प्रत साध्या मजकुराची, एक कागदावर छापून, आणि एक माझ्याकडे. कपाटातल्या पुस्तकांशी ताडून बघायचं काम शाळेतली मुलं करताहेत. आजवर ज्या ओळींसमोर पुस्तक मिळालेलं नाही अशा दोन हजारांवर आहेत. पहिल्या पानावर 'टंकलेखन' असं लिहून त्यापुढे मामीचं नाव घातलंय. तिनं ते बघितलं आणि आडनावातली वेलांटी चुकल्याचं सांगितलं. चुकली होती खरी.

जाता जाता २९०६ क्रमांकाची ओळ. बेसिक भाषेत प्रोग्राम कसे लिहावेत यावरचं एक पातळसं मराठी पुस्तक, किंमत पंधरा रुपये. मी कॉलेजात जायच्या आधीच्या सुट्टीत ते वाचनालयातून नेलं होतं, आणि माझं हे जे काय संगणकाचं वेड आहे ते तिथून सुरू झालं. मामानं नोंदवहीतून 'गहाळ' असं वाचलं होतं म्हणे. मामीनं टंकलंय : 'भाच्याकडे आहे. आणून देईल.'

माळ्यावरचे चार खोके उपसून झाले. दोन राहिलेत.