तळघरातला विस्तव

१९६५च्या कायद्यानं अमेरिकेची दारं आमच्यासारख्यांना खुली झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पुण्या-मुंबईची, सांगली-नागपूरची कितीतरी बिऱ्हाडं शिकागोच्या परिसरात येऊन स्थिरावली. सुरुवातीला भाड्याचं अपार्टमेंट. तिथं उबेची काळजी घरमालकाची. रेडिएटरमधून वाफ खडखडत यायची आणि फार उकडलं तर भर जानेवारीत खिडकी उघडायची. मग मूल झालं, उपनगरात घर घेतलं, किल्ल्या हातात पडल्या. त्या किल्ल्यांबरोबर बेसमेंटमधली लोखंडी फर्नेसही आपल्या पदरात पडली आहे, हे पहिल्या थंडीत कळलं.

ज्यांनी जुनी घरं घेतली त्यांच्याकडे तर एके काळी कोळशावर चालणारी आणि नंतर गॅसवर वळवलेली अवाढव्य फर्नेस होती. तिच्या माथ्यावरून चारी दिशांना जाडजूड नळ फुटलेले असत, म्हणून इथले लोक तिला ऑक्टोपस म्हणत. तिला पंखाच नव्हता. गरम हवा आपसूक वर चढायची, गार हवा खाली यायची. बिघडण्यासारखं तिच्यात जवळजवळ काही नव्हतंच. बाकीच्यांकडे पंख्याची फर्नेस. दिवाणखान्याच्या भिंतीवर हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट, त्याच्या पोटात काचेची कुपी आणि कुपीत पाऱ्याचा थेंब. तबकडी जरा फिरवली की पारा कलंडायचा आणि खाली तळघरात धप्प असा आवाज होऊन जाळ धरायचा. रात्री अर्धवट झोपेत तो आवाज ऐकू आला की पांघरूण ओढून निर्धास्त झोपावं. तो आला नाही तर मात्र घरातलं मोठं माणूस जागं व्हायचंच.

पुरुषमंडळी उजाडायच्या आत गाडीवरचं बर्फ खरवडून कामाला जात. त्यामुळे फर्नेसचा पायलट, म्हणजे आतली सतत जळणारी छोटी ज्योत, विझला की तो पेटवणं आम्हा बायकांच्याच वाट्याला आलं, आणि ते आम्ही शिकलो. आधी गॅसचा वास येत नाही ना, ते बघायचं. येत असेल तर काडी ओढायचीच नाही. मुलांना घेऊन बाहेर पडायचं आणि शेजारच्या घरून गॅस कंपनीला फोन करायचा. वास नसेल तर जमिनीवर पालथं पडून, एका हातानं लाल बटण दाबून धरून, दुसऱ्या हातानं लांब काडी आत सरकवायची. निळी ज्योत धरली की मनात साठ आकडे मोजायचे आणि बोट अलगद उचलायचं. ज्योत टिकली तर ठीक. बटण सोडताच विझली तर बहुधा थर्मोकपल गेलं. पेन्सिलीहून बारीक अशी ही कांडी ज्योतीत सतत तापत असते. त्या उष्णतेतून अगदी किंचित, काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्या बळावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की वीज थांबते, झडप मिटते, घर सुरक्षित राहतं. किती साधी आणि किती शहाणी युक्ती! हार्डवेअरच्या दुकानात ती कांडी थोडक्या डॉलरात मिळायची, म्हणून आमच्यापैकी बहुतेकींच्या घरी एखादी जास्तीची असे. हिमवादळात दुकानं बंद असली की फोन यायचा, “वहिनी, थर्मोकपल पडलंय का हो एखादं तुमच्याकडे?” मग कुणाचा तरी नवरा गुडघाभर बर्फातून ते पोचवून यायचा आणि बसवून, चहा घेऊन परतायचा.

फर्नेसशेजारची ती खोली आमच्या स्वयंपाकघराचाच भाग होती. थंडीत इडलीचं पीठ ओट्यावर फुगत नसे, दही लागत नसे. पातेली झाकून फर्नेसपासून हातभर अंतरावर फळीवर ठेवली की सकाळी पीठ वर आलेलं असायचं आणि दही कवडी पडलेलं. उलट वरच्या फोडणीचा वास हीच फर्नेस घरभर खेळवायची. परतीच्या जाळीतून हवा खाली जायची, तापायची आणि हिंग-मोहरीसकट प्रत्येक खोलीत पोचायची. म्हणून फोडणीआधी कोटांच्या कपाटाचं दार घट्ट लावून घ्यायचं, हे शिक्षण प्रत्येक घरातल्या मुलांना मिळालं.

सोळा बाय पंचवीस बाय एक. इंचातलं हे माप त्या काळच्या कुठल्याही गृहिणीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बऱ्याच घरांत फिल्टर त्याच मापाचा. आमच्या ओळखीत एका घरी दर संकष्टीला फिल्टर काढून उजेडात धरून बघायची पद्धत होती. आरपार दिसलं नाही तर बदलायचा. ही पद्धत मग पुष्कळांनी उचलली, आणि ती अगदी योग्य होती. फिल्टर धुळीनं तुंबला की हवा पुढे सरकत नाही, हीट एक्स्चेंजरचा, म्हणजे जाळ आणि घरातली हवा वेगळी ठेवणारा, पत्रा गरजेपेक्षा जास्त तापतो, सुरक्षेचं बटण जाळ बंद करतं आणि घर गार पडतं. असं वर्षानुवर्षं होत राहिलं तर तो पत्रा तडकू शकतो. पंख्याच्या मोटरला तेलाची छोटी भोकं असत. वर्षातून एकदा-दोनदा तिथं तेलाचे थोडेच थेंब सोडायचे, पट्टा बोटानं दाबून सैल झालाय का ते बघायचं. दसरा नेमका थंडीच्या तोंडावर येतो, म्हणून त्या दिवशी ही सगळी कामं उरकून फर्नेसला हळदकुंकू लावायचं आणि झेंडूचं फूल वाहायचं. ज्या आयुधावर घराचा जीव अवलंबून, त्याचीच पूजा. त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही.

कारण हिवाळे तसेच होते. २ फेब्रुवारी १९७७ला राष्ट्राध्यक्ष कार्टर लोकरी स्वेटर घालून शेकोटीशेजारी बसले आणि थर्मोस्टॅट दिवसा ६५ अंश फॅरनहाइट, रात्री ५५वर ठेवा, असं त्यांनी टीव्हीवरून देशाला सांगितलं. नैसर्गिक वायूची टंचाई होती. आम्ही ते मनापासून पाळलं. मुलांना दोन पायमोजे घातले आणि गोधड्या बाहेर काढल्या. जानेवारी १९७९च्या हिमवादळात शहर इतकं अडलं की रस्ते वेळेवर साफ झाले नाहीत म्हणून पुढच्याच महिन्यात महापौर पक्षांतर्गत निवडणूक हरले. आणि २० जानेवारी १९८५ला शिकागोचा पारा उणे २७ फॅरनहाइटवर उतरला, म्हणजे जवळजवळ उणे ३३ सेल्सिअस. ते तिथल्या नोंदीतलं आजवरचं सर्वांत कमी तापमान. त्या रात्री फर्नेस एकदाही थांबली नाही. ज्यांची बंद पडली त्यांच्यासाठी इतरांच्या दिवाणखान्यात गाद्या पडल्या.

खरी धास्ती भारतात जाताना. डिसेंबरात घर बंद करून महिनाभर जायचं आणि मागे फर्नेस रुसली तर? भिंतीतलं पाणी गोठतं, नळ फुटतात आणि थंडी उतरल्यावर घरभर पाणी होतं. काही घरांवर हे ओढवलं. तेव्हापासून पाण्याची मुख्य तोटी बंद करायची, नळ उघडून पाणी काढून टाकायचं, किल्ली शेजाऱ्यांकडे द्यायची, हे सामान बांधण्याइतकंच नेमाचं झालं.

पुढे जुन्या फर्नेस गेल्या. त्यांच्यातल्या कित्येक तीस-चाळीस वर्षं चालल्या, आणि आमच्या पिढीत अजून हळहळ ऐकू येते की तसं काम आता होत नाही. मला मात्र ही हळहळ पूर्ण पटत नाही. त्या टिकत, पण जळलेल्या गॅसमधली तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त ऊब चिमणीतून आकाशात जात असे. १९९२पासून नव्या फर्नेसला किमान ७८ टक्के कार्यक्षमता सक्तीची झाली. नव्वद टक्क्यांच्या पुढच्या तर धुरातली वाफसुद्धा पाणी करून तिची ऊब काढून घेतात. त्यांचं आयुष्य साधारण पंधरा-वीस वर्षांचं, आणि दुखणी नवी. पाण्याच्या निचऱ्याची नळी तुंबते. घराबाहेरचा प्लास्टिकचा नळ बर्फाखाली गाडला गेला की फर्नेस पेट घेत नाही. ज्योत ओळखणाऱ्या कांडीवर पुटं चढतात. ती बारीक स्टीलवूलनं पुसली की बरेचदा काम होतं. हे सगळं घरच्या माणसाला बघता येतं, फक्त बघायला हवं.

हीट पंपाचं नाव आम्ही प्रथम ऐकलं ते अटलांटा, रॅलेकडे गेलेल्या मित्रमंडळींकडून. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर तिकडे ते भराभर बसले, कॉम्प्रेसर लवकर जाऊ लागले आणि “हवा कोमट येते हो” अशी पत्रं आली. ए.सी. उलटा चालवून बाहेरच्या गारठ्यातली उष्णता आत आणणारं ते यंत्र. जाळीतून येणारी हवा फर्नेसइतकी कडक नसते, ती बराच वेळ मंद येत राहते. थंडीत मधूनच बाहेरच्या पेटीतून वाफेचे लोट निघतात. ती स्वतःवरचं हिव वितळवत असते, आग लागलेली नसते. आता उणे १५ सेल्सिअसलाही नीट चालणारे हीट पंप आहेत आणि आमची मुलं तेच बसवत आहेत. मला ते चांगलं वाटतं. पण फर्नेसला उन्हाळ्यात विश्रांती असते, हीट पंप बारा महिने राबतो, त्यामुळे त्याची निगा अधिकच राखावी लागते. बाहेरची पेटी बर्फाच्या थरापेक्षा उंच चौथऱ्यावर हवी, चहूबाजूंनी दोनेक फूट मोकळे हवेत. रात्री थर्मोस्टॅट फार खाली आणून सकाळी एकदम चढवला तर विजेच्या जादा पट्ट्या पेटतात आणि बिल वाढतं. आणि त्यातला वायू कधी “संपत” नाही. दरवर्षी भरावा लागतो असं कुणी म्हणालं तर कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधायला लावा.

असंच एक सांगणं फर्नेसबद्दल. तपासणीला आलेला माणूस हीट एक्स्चेंजरचा पत्रा तडकलाय, आजच नवी बसवा, म्हणाला तर ती चीर दाखवायला सांगा आणि दुसऱ्याचं मत घ्या. पण दुसरं मत येईपर्यंत ती फर्नेस चालू ठेवू नका. चीर खरी असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. शिकागो शहरानं १९९४मध्ये घरात त्याचा अलार्म सक्तीचा केला आणि २००७पासून साऱ्या इलिनॉय राज्यात झोपायच्या खोलीपासून पंधरा फुटांच्या आत तो असावाच लागतो. पण हे अलार्म पाच ते दहा वर्षांत निकामी होतात. भिंतीवर तो दिसतो आणि आपण निश्चिंत राहतो.

आमच्या पिढीतली कितीतरी माणसं आज त्याच मोठ्या घरांत दोघंच, किंवा एकटीच राहतात. बेसमेंटचा जिना आता गुडघ्यांना पेलत नाही, संकष्टी येते आणि जाते, फिल्टर तसाच राहतो. मुलांनो, फोनवर आई-बाबांची औषधं विचारता तशी एकदा फर्नेसचीही चौकशी करा. येत्या दसऱ्याच्या आधी एक शनिवार काढून घरी या, खाली उतरा, फिल्टर बदला, तंत्रज्ञ तपासत असताना शेजारी उभे राहा. अलार्मच्या पाठीमागे छापलेली तारीख वाचा आणि मुदत उलटली असेल तर त्याच दिवशी नवा लावून जा.