खांच पाडलेली तबकडी

नवी कोरी वस्तु विकण्यापूर्वीं मुद्दाम करवतीनें कापावी, हें ऐकून कोणासही नवल वाटेल. परंतु संगीताच्या कांहीं सीडी तबकड्या अशाच मिळतात. डबीच्या कडेला खांच, कोपरा छाटलेला, अथवा मागील बारकोडावर भोंक.

जालन्यास आमच्या घरीं अमेरिकेहून आलेल्या एका आप्तांनीं अशा चार तबकड्या भेट दिल्या, तेव्हां वडील मंडळींची चर्या उतरली. "फुटका माल आमच्याच वांट्याला!" असें कोणी पुटपुटलेंही. तबकडी लावली तों सूर अगदीं स्वच्छ!

गोष्ट व्यापाराची आहे. न खपलेल्या तबकड्या कंपनीस परत करून दुकानदारास पैसे मिळत. मागणी सरली कीं कंपनी उरलेला साठा घाऊक व्यापाऱ्यांस कवडीमोलानें विकी. तोच माल कोणी स्वस्तांत घेऊन पुऱ्या किंमतीनें परत आणला तर कंपनी बुडालीच. म्हणून आधींच खूण करीत. सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. ही चाल त्याहून जुनी. मोठ्या काळ्या तबकड्यांच्या वेष्टनांचे कोपरेही असेच छाटीत.

रेशनचें रॉकेल निळें कां असे, हें पालकांस ठाऊक असेल. स्वस्त तेल महाग बाजारांत शिरूं नये, एवढ्याचसाठीं तो रंग. (आपल्याकडील औषध लावलेलें बियाणेंही रंगीत असतें, पण तें कोणी खाऊं नये म्हणून.)

चीनमध्यें मात्र ह्या घावानें विलक्षण कार्य केलें. १९९० नंतरच्या दशकांत पाश्चात्य देशांतील न खपलेल्या तबकड्या तेथें प्लास्टिकचें भंगार म्हणून गेल्या. त्यांत डबीच नव्हे, तर पुष्कळदां तबकडीची कडही कापलेली असे. पण सीडी आंतून बाहेर वाजत जाते. म्हणून गेलीं तीं बहुधा शेवटचीं गाणीं, बाकीचीं वांचलीं. ग्रामोफोनच्या तबकडीचें पहिलेंच गाणें गेलें असतें! त्या भंगारांतून तेथील तरुण रॉक संगीत ऐकूं लागले, वाजवूं लागले. 'दाकोउ' हें त्या कापलेल्या तबकड्यांचें नांव पुढें त्या पिढीसच मिळालें.

एक गोष्ट मात्र आमच्या मनास लागते. अशा विक्रीवर गायकवादकांस बहुधा रॉयल्टी मिळत नसे. कंपनीचें नुकसान थोडें भरून निघे, आम्हांस संगीत स्वस्त मिळे, आणि ज्याचा गळा तो कोरडा राही. ह्या चारांपैकीं जो गायक आवडेल त्याची एक तबकडी पुऱ्या किंमतीनें घ्यावी, असें आम्हीं घरीं सुचविलें आहे. वडील मंडळींस तें अद्याप पटलेलें नाहीं.