गुडघे नव्हे, बैठक

सत्यनारायणाच्या पूजेला पाटावर बसायची वेळ आली की मला घाम फुटायचा. मांडी घातली की दोन्ही गुडघे वर तरंगत, पाठीला पोक येई आणि पहिला अध्याय संपायच्या आत पाय बदलायची चुळबूळ सुरू. बँकेत खुर्ची, घरी डायनिंग टेबल. जमिनीशी संबंधच उरला नव्हता.

योगवर्गातल्या ताईंनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलंच नाही. भिंतीला पाठ टेकवून बसवलं, पायांचे तळवे एकमेकांना जोडायला लावले. हेच बद्धकोनासन, पोरं त्याला फुलपाखरू म्हणतात. माझी कंबर मागे कलंडलेली दिसताच त्यांनी बैठकीखाली चादरींची जाड घडी सारली. चार बोटं उंच झाले असेन, पण पाठ आपसूक ताठ झाली आणि गुडघेही थोडे उतरले. चादरी, पट्टे, लाकडी विटा हा सरंजाम १९३७ साली पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी योगवर्गात रुजवला. आमच्यासारख्या ताठर मंडळींवर त्यांचे मोठेच उपकार!

मग पाय दोन्ही बाजूंना लांब पसरून बसायचं, उपविष्टकोनासन. त्यात गुडघ्याच्या आतल्या अंगाला ओढ लागली, तेव्हा मी घाबरले. ताईंनी उलगडून सांगितलं. मांडीच्या आतल्या बाजूचे पाच स्नायू ओटीपोटाखालच्या हाडापासून निघतात. चार मांडीच्या हाडाला चिकटतात, पाचवा गुडघा ओलांडून नडगीपर्यंत उतरतो. पाय सरळ केला की तो ताणला जातो. अशा वेळी गुडघा जरासा वाकवायचा, खाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची.

शेजारचे एक काका फुलपाखरात गुडघे दणादण हापटायचे. झटके दिले की स्नायू उलट आखडतो, म्हणून ताईंनी त्यांना वेगळंच करायला लावलं. हात गुडघ्यांवर ठेवायचे, गुडघ्यांनी वर रेटायचं, हातांनी अडवायचं; पाच-सहा श्वास असा जोर धरून एकदम सोडायचं. सोडताना मांड्या आतून थरथरतात आणि गुडघे हाताच्या वजनानेच बोटभर खाली जातात. मला तर हे जादूसारखंच वाटलं.

मालासनाचा सराव घरी करते. टाचा उचलल्या जातात म्हणून खाली चटईची गुंडाळी, हातात खिडकीचा गज. सासूबाई अठ्ठ्याहत्तरीत उकिडव्या बसून मेथी निवडतात. म्हणाल्या, “उकिडवं बसायलाही फी भरतेस का गं?”

माझे गुडघे अजूनही जमिनीला टेकत नाहीत. कदाचित टेकणारही नाहीत. कुणाच्या खुब्याची खोबण खोल, कुणाची उथळ. जांघेत पुढच्या बाजूला टोचल्यासारखं झालं की मी तिथेच थांबते. आतल्या बाजूची ओढ मात्र चालते.

सकाळी अंग आखडलेलं असतं, म्हणून हे सगळं संध्याकाळी, फिरून आल्यावर. शेवटी टीव्हीसमोर सुप्त बद्धकोनासन, दोन्ही मांड्यांखाली उशा. त्यात हमखास डोळा लागतो. जाग येते तेव्हा मालिका होती तिथेच असते.