शुभकृत संवत्सरातील मॉन्टगोमेरी काउंटी

डिसेंबर सरत आला की अमेरिकेतील उपनगरी वृत्तपत्रे वर्षभरातील ठळक स्थानिक घटनांची यादी छापतात, आणि वॉशिंग्टनच्या उत्तरेला व वायव्येला पसरलेली मेरीलँड राज्यातील मॉन्टगोमेरी काउंटी या प्रथेला अपवाद नाही. २०२२ सालापुरते पाहिले तर अशा यादीला लागणारा सगळा ऐवज काउंटीने पुरवला होता : जानेवारीत शाळेतील गोळीबार, मार्चमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये निवासी इमारतींत वायूचा स्फोट, जुलैत बत्तीस मतांवर ठरलेली निवडणूक आणि नोव्हेंबरअखेर विजेच्या मनोऱ्यात अडकलेले विमान. तक्रार घटनांबद्दल नसून त्यांच्या मांडणीबद्दल आहे. गुन्हे एका चौकटीत, अपघात दुसऱ्या चौकटीत आणि काउंटी कौन्सिलचे, म्हणजे काउंटीच्या निर्वाचित मंडळाचे, निर्णय आतल्या पानावरच्या तिसऱ्या चौकटीत घातले की त्यांच्यातील नाते वाचकाला दिसेनासे होते. आणि स्थलांतरित वाचक, त्यातही मराठी वाचक, पहिल्या दोन चौकटी वाचून पुण्या-नागपुरातील नातेवाइकांना आपण सुखरूप असल्याचे कळवतो व तिसरीकडे न बघताच पान उलटतो.

वर्षाचा गोषवारा हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही. पंचांगाच्या आरंभी येणारे संवत्सरफल, म्हणजे गुढीपाडव्याला पंचांगाची पूजा झाल्यावर वाचले जाणारे येत्या वर्षाचे भाकीत, याच जातीचे आहे. फरक एवढाच की ते वर्ष उजाडताना सांगितले जाते आणि वृत्तपत्रातील यादी वर्ष मावळताना येते. संवत्सरफलात वर्षाला नाव असते आणि कारभारी मंडळ असते : चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या वाराचा स्वामी तो राजा, सूर्य ज्या वारी मेष राशीत जातो त्याचा स्वामी तो मंत्री, ज्या वारी आर्द्रा नक्षत्रात जातो त्याचा स्वामी तो मेघेश, म्हणजे पावसाचा अधिपती, आणि याच रीतीने धान्येश, रसेश व इतर. २०२२चा पाडवा २ एप्रिलला, शनिवारी आल्यामुळे शके १९४४चा राजा शनी झाला, मेषसंक्रांत गुरुवारी आल्यामुळे मंत्रिपद गुरूकडे गेले, आणि संवत्सराचे नाव होते शुभकृत. भाकीत खरे ठरते की खोटे हा प्रश्न येथे गौण आहे. पंचांगकर्त्याचे कसब असे की पाऊस, धान्याचे भाव, रोगराई आणि राज्यकर्त्यांची वर्तणूक या गोष्टी तो एकाच साखळीत ओवतो, त्यामुळे मेघेश रुसला तर धान्येश हात आखडता घेतो आणि त्याचा भार शेवटी प्रजेच्या ताटावर पडतो, हे ऐकणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. न घडलेल्या गोष्टींची जी साखळी पंचांगकर्ता लावतो ती घडून गेलेल्या गोष्टींचीही लावणे वृत्तपत्राला जमत नाही, किंवा ते त्याला आपले काम वाटत नाही. पंचांगात स्वयंपाकाच्या वायूचा आणि विजेचा अधिपती नेमण्याची सोय नाही हे खरे. ती असती तर मॉन्टगोमेरीच्या त्या वर्षाचे फल पहिल्याच ओळीत सांगून झाले असते.

साखळी लागण्याचे कारण काउंटीच्या रचनेतच आहे. मेरीलँडमध्ये काउंटी हा राज्याखालचा स्थानिक शासनाचा मुख्य थर असतो, आणि दहा लाखांहून अधिक वस्तीच्या मॉन्टगोमेरीत रॉकव्हिल किंवा गेथर्सबर्ग यांसारख्या थोड्या गावांना स्वतःची नगरपालिका असली तरी सिल्व्हर स्प्रिंग, बेथेस्डा आणि जर्मनटाउन ही मोठी नावे केवळ टपालापुरती व जनगणनेपुरती आहेत. त्यांना महापौर नाही, नगरसेवक नाही. पोलीस, अग्निशमन दल, रस्ते व बांधकामाचे नियम काउंटीकडे, आणि दोनशेहून अधिक शाळा काउंटीभर पसरलेल्या एकाच शिक्षण मंडळाकडे. त्यामुळे गोळीबार असो, स्फोट असो वा विमान पडो, त्याची झळ फिरून रॉकव्हिलमधील त्याच एका कौन्सिलच्या दारात येते.

डरवुड भागातील मॅग्रूडर हायस्कूलमध्ये २१ जानेवारीला एका विद्यार्थ्याने दुसऱ्यावर स्वच्छतागृहात गोळी झाडली. शाळेत लॉकडाउन, म्हणजे वर्गांची दारे बंद करून मुलांनी आत थांबून राहण्याची व्यवस्था, काही तास चालले आणि संशयित अखेर एका वर्गातच सापडला. शस्त्र होते ‘घोस्ट गन’, म्हणजे सुटे भाग मागवून घरी जुळवलेले, अनुक्रमांक नसलेले आणि म्हणून मालकाचा माग न लागणारे पिस्तूल. येथे नोंदवण्याजोगे असे की शाळांत नेमलेले पोलीस अधिकारी काउंटीने त्याच शैक्षणिक वर्षाच्या आरंभी हटवले होते आणि त्या वसंतात ते नव्या नावाने व थोड्या बदललेल्या अटींवर परत आणले. हटवण्यामागील आक्षेप, विशेषतः कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांना अटक होण्याचे प्रमाण अधिक असल्याचा, निराधार नव्हता. पण वर्षभरात दोनदा फिरवलेल्या धोरणाला विचारांती घेतलेला निर्णय म्हणवत नाही. अनुक्रमांक नसलेल्या शस्त्रांच्या विक्रीवर राज्याने घातलेली बंदी १ जूनपासून अमलात आली.

जुलैतील निवडणूक ही ‘प्रायमरी’ होती, म्हणजे पक्षाने आपला उमेदवार मतदारांकडूनच निवडून घेण्याची फेरी. डेमोक्रॅटिक पक्षाचे येथे इतके वर्चस्व आहे की काउंटी एक्झिक्युटिव्हपदाचा, म्हणजे प्रशासनाच्या प्रमुखाचा, खरा निकाल याच फेरीत लागतो. याच पदाच्या २०१८च्या प्रायमरीत मार्क एलरिच आणि डेव्हिड ब्लेअर यांच्यात ७७ मतांचे अंतर होते. २०२२ मध्ये दोघांनाही प्रत्येकी पंचावन्न हजारांवर मते पडली आणि फेरमोजणीअंती एलरिच ३२ मतांनी जिंकले. मतदान १९ जुलैचे, निकालाची खात्री ऑगस्टात, कारण टपालाने आलेली मते मतदानाच्या दिवसानंतरच्या गुरुवारपूर्वी उघडता येत नव्हती; ही अडचण ओळखून सप्टेंबरात न्यायालयाने नोव्हेंबरच्या निवडणुकीपुरती आधी मोजणीची मुभा दिली. ज्यांना नागरिकत्व मिळालेले आहे अशा मराठी मतदारांपैकी अध्यक्षपदाला न चुकता मत देणारे पुष्कळ आणि प्रायमरीला जाणारे थोडे असतात. नोव्हेंबरात हैदराबादेत जन्मलेल्या अरुणा मिलर राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपराज्यपाल, म्हणून निवडून आल्या तेव्हा भारतीय मंडळांत साहजिकच आनंद झाला, पण त्यांनी याच काउंटीत दीर्घकाळ वाहतूक अभियंता म्हणून नोकरी केली होती, ही अधिक उपयोगी माहिती त्या आनंदात बुडाली.

आता वायू आणि वीज. ३ मार्चला सिल्व्हर स्प्रिंगमधील एका निवासी संकुलात स्फोट होऊन इमारतीचा भाग कोसळला, अनेक जण जखमी झाले, सुदैवाने कोणी दगावले नाही. तुंबलेल्या सांडपाण्याच्या नळाचे काम करताना दुरुस्ती कामगाराने तो नळ समजून वायूची नळी कापली, असे तपासात निघाले. चूक इतकी साधी. सिल्व्हर स्प्रिंगला याची धास्ती आधीपासून होती, कारण ऑगस्ट २०१६ मध्ये तेथीलच दुसऱ्या संकुलात तळघरातील वायुदाब नियंत्रकाची बाहेर जाणारी नळी जोडलेली नसल्याने झालेल्या स्फोटात सात जणांचा बळी गेला होता. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेथर्सबर्गमध्ये पुन्हा एक स्फोट झाला, एकाचा मृत्यू झाला. हा अपघात नव्हता असे पोलिसांनी पुढे जाहीर केले, आणि म्हणून तो गुन्ह्यांच्या चौकटीत गेला. घरात पसरलेला वायू मात्र अशा चौकटी मानत नाही.

अकरा दिवसांनी, २७ नोव्हेंबरच्या रविवारी संध्याकाळी, न्यूयॉर्क राज्यातून येणारे एक इंजिनाचे छोटे विमान दाट धुक्यात गेथर्सबर्गजवळच्या धावपट्टीकडे उतरताना प्रमाणाबाहेर खाली आले आणि उच्चदाबाच्या विजेच्या मनोऱ्यात जाऊन अडकले. जमिनीपासून सुमारे शंभर फुटांवर, नाक लोखंडी सांगाड्यात रुतलेले, आत वैमानिक आणि एक प्रवासी, दोघेही जिवंत. वैमानिकाने लटकत्या विमानातूनच ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावला. त्यांना लगेच खाली घेता येत नव्हते, कारण वाहिन्यांत उरलेला विद्युतभार जमिनीत सोडल्याशिवाय, म्हणजे अर्थिंग केल्याशिवाय, मनोऱ्याला हात लावणे जिवावर बेतणारे होते. म्हणून आधी वर तारांना अर्थिंगचे चिमटे लावले गेले, मग विमान साखळ्यांनी मनोऱ्याला बांधले गेले, आणि सुमारे सात तासांनी, मध्यरात्र उलटल्यावर, दोघांना एकेक करून खाली आणले. त्या अवधीत ऐंशी हजारांवर ग्राहकांचे दिवे गेले होते आणि दुसऱ्या दिवशी काउंटीतील शाळा बंद राहिल्या.

त्यानंतरच्या मंगळवारी, २९ नोव्हेंबरला, मावळत्या नऊ सदस्यांच्या कौन्सिलने एकमताने कायदा केला की नव्या इमारतींत उष्णता, गरम पाणी आणि स्वयंपाक यांसाठी वायूऐवजी वीजच वापरली जावी, आणि त्याचे नियम २०२६ अखेरपर्यंत करावेत. नवी, अकरा सदस्यांची आणि प्रथमच स्त्रियांचे बहुमत असलेली कौन्सिल पुढल्या आठवड्यात शपथ घेणार होती. कायद्याचे कारण हवामानबदल हे होते. स्फोटांचे नाव प्रयोजनात नव्हते आणि विमानाचे असण्याचा प्रश्न नव्हता. तरी दोन दिवसांपूर्वी एका विमानाने काउंटीच्या मोठ्या भागाला अंधाराची आठवण करून दिलेली असताना सारी भिस्त तारांवर टाकायला धैर्य लागते, आणि वर्षात दोनदा इमारती उडालेल्या असताना ती वायूवर कायम ठेवायलाही लागते. तराजू धरायचाच झाला तर पारडे विजेकडे झुकते, कारण खंडित तार जोडता येते. उपाहारगृहे, काही उद्योग आणि आपत्कालीन जनित्रे यांना सूट आहे, आणि जुन्या घरांना कायद्याने हात लावलेला नाही.

मराठी घरात हा वाद लगेच भाकरीवर येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. वायूच्या जागी येणारी इंडक्शन शेगडी म्हणजे चुंबकीय क्षेत्राने भांडेच तापवणारी शेगडी. तिच्यावर चुंबक बुडाला चिकटेल तेच भांडे चालते. भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर, पितळेचे पातेले आणि तांब्याची कढई निकामी ठरतात. लोखंडी तवा चालतो, पण बूड सपाट हवे, खोलगट तवा नुसता मधोमध तापतो. फुलक्याच्या जाळीला ज्योत लागते, त्यामुळे ती अडगळीत जाते. भाकरी मात्र होते : पाणी फिरवलेली बाजू सुकत आली की उलटायची, दुसरी बाजू पूर्ण शेकू द्यायची, मग पुन्हा उलटून ओल्या फडक्याने कडा हलक्या दाबत जायचे, ती टम्म फुगते, फक्त ज्योतीवरचे काळे ठिपके पडत नाहीत. भरिताचे वांगे ओव्हनच्या वरच्या तापत्या कांबीखाली चांगले भाजते, आधी टोचे मारायला विसरू नये, नाहीतर आत फुटते. घर बघताना शेगडीच्या रंगाआधी विजेचे पॅनेल उघडून पाहावे : मोठ्या इंडक्शन शेगडीला २४० व्होल्टची, चाळीस ते पन्नास अँपिअरची स्वतंत्र जोडणी लागते, आणि जुन्या जोडघरांत शंभर अँपिअरच्या पॅनेलवर ती, वाळवणी यंत्र आणि मोटारीचा चार्जर एकत्र मावत नाहीत. पॅनेल बदलण्याचा खर्च शेगडीच्या किमतीहून अधिक होऊ शकतो, तेव्हा घराच्या सौद्यातच तो मालकाकडून कमी करून घ्यावा. शेगडीच्या चार बर्नरांपैकी एक तरी तव्याच्या बुडाएवढा, अकरा इंची, असल्याची खात्री करावी. त्याहून लहान बर्नरवर भाकरीच्या कडा कच्च्या राहतात.