बिनटोमॅटोचा रस्सा

जुलै 2023 मध्ये नाशकात टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, ते आम्हाला फार जिव्हारी लागलं. पिंपळगाव बसवंत आणि गिरणाऱ्याच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटवर बोली लागते आणि तिथला माल देशभर जातो. त्याच वर्षी मे महिन्यात भाव मिळेना म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला होता. पण इथला मोठा हंगाम पावसाळी लागवडीचा. तोडे सुरू व्हायला ऑगस्ट उजाडतो, त्यामुळे जुलैत पिकवणाऱ्याच्या हातातही काही नसतं.

मी निफाडला सासूबाईंना फोन लावला. "आई, वांग्याबटाट्याचा रस्सा टोमॅटोशिवाय कसा करू?"

"अगं, आपल्या काळ्या रश्शात टोमॅटो होताच कधी?" त्या म्हणाल्या, आणि रविवारी स्वतःच आल्या.

दोन कांदे त्यांनी सालासकट थेट गॅसच्या जाळावर ठेवले. वरचं साल काळं पडून आतला कांदा मऊ होईपर्यंत त्यांनी हलू दिलं नाही. कच्च्या कांद्याचा उग्रपणा तिथेच जळतो आणि गोडी मागे उरते. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी चिमट्यात धरून भाजली. तेल सुटून खोबऱ्याने पेट घेतला, तेव्हा फुंकर मारून विझवली. मग लसूण, आलं, कोथिंबिरीच्या काड्या आणि दाटपणासाठी मूठभर डाळवं घालून सगळं गंधासारखं वाटलं. वाटण भरड राहिलं तर रस्सा फुटतो, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

तेलात वाटण पुष्कळ वेळ परतायचं. कडेने तेल सुटलं की घरचा काळा मसाला घालायचा, लगेच भाजी आणि वरून उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की तर्री बसते.

एक गोष्ट त्या दिवशी मला नव्याने कळली. बटाटा नेहमीपेक्षा लवकर शिजला. आंबटात भाजी मऊ व्हायला वेळ लागतो, कारण तिच्या पेशी बांधून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहज विरघळत नाही. म्हणूनच चिंच किंवा आमसूल घालायचं तर भाजी शिजल्यावरच. माझ्या मते वांग्याला त्याचीही गरज नाही. भाजलेल्या खोबऱ्यावर आंबट चढवलं की काळ्या मसाल्यातलं दगडफूल दबून जातं, आणि या रश्शाचा सगळा जीव त्या वासात आहे.

आता मी हेच वाटण शेवभाजीलाही वापरते, फक्त रस्सा जरा पातळ ठेवते. जाड तिखट शेव मात्र पानात वाढतानाच घालायची. आधी घातली तर सगळा रस्सा तीच पिते. गिलक्याला हे वाटण सोसत नाही. त्याला लसूण, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचं कूट एवढंच पुरे.