ओळखीचं माणूस

शुक्रवार पेठेतलं आमचं घर माळवदाचं आहे. दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. सोलापूरच्या उन्हाळ्यात अशा घरासारखं सुख नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गल्लीत कुणी माळवदाखाली झोपायला तयार होईना. आदल्या रात्री गणपती विसर्जनाच्या मिरवणुका झाल्या होत्या. दिवस वर आला तसं कळत गेलं, की किल्लारी, सास्तूर, होळी ही गावं अशाच घरांच्या ढिगाऱ्याखाली गेली आहेत. मृतांचा सरकारी आकडा पुढे ७,९२८ झाला.

जखमींना घेऊन गाड्या सोलापूरच्या सिव्हिलमध्ये येऊ लागल्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. वडील म्हणाले, "घरात बसून रडण्यापेक्षा जा तिकडं. पाणी द्यायला तरी माणूस लागेल." मी गेले. पाणी देणं, नावं लिहून घेणं, हरवलेल्यांच्या याद्या वाचून दाखवणं अशी कामं होती. तिथे एका खाटेवर सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. हात मोडलेला, बाकी धडधाकट. तिच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण तिच्यापाशी थांबायचा आणि विचारायचा, "बाळ, काय झालं गं?" ती सांगायची. पहिल्या दिवशी रडत सांगायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठ केलेली कविता म्हणावी तशी, समोर न बघता सांगू लागली. विचारणारे वाईट नव्हते. डोळ्यांत पाणी आणून, खाऊ हातात ठेवून जायचे. पण ते गेले की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. वॉर्डातल्या एक वयस्क आयाबाई तिला काहीच विचारायच्या नाहीत. वेणी घालायच्या, भात भरवायच्या, आणि जाताना सांगायच्या, "उद्या सकाळी मीच हाय." तेवढं ऐकलं की मुलगी झोपायची.

तिथून पुढचं माझं सगळं शिकणं या दोन प्रकारच्या माणसांमधल्या फरकाविषयीचं आहे.

किल्लारीच्या मदतीला जग आलं. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला, पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. हर्मन ग्माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलेल्या एसओएस बालग्रामांपैकी एक लातूरला उभं राहिलं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. आणि आमच्या सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर, हैदराबाद रस्त्यावरच्या नळदुर्गात, बार्शीचे पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी 'आपलं घर' सुरू केलं.

नळदुर्गला मी सुट्टीच्या दिवशी गोष्टी सांगायला जात असे. एक मुलगा पावसातसुद्धा छपराखाली यायचा नाही. त्याला कुणी ओढून आत आणत नसे. एक कार्यकर्ता त्याच्याबरोबर पोतं पांघरून बाहेर बसायचा. पुढे हळूहळू दोघं दारापर्यंत आले, मग उंबऱ्याच्या आत. याला काय म्हणतात ते त्या कार्यकर्त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. भूकंपाचा मनावर काय परिणाम होतो हे शास्त्रीय पद्धतीनं पाहण्याचं कामही त्याच काळात झालं. डॉ. मोहन आगाशे यांच्यासारखे मानसोपचारतज्ज्ञ त्या अभ्यासात होते. आगाशे आपल्याला नट म्हणून जास्त माहीत आहेत, पण त्यांचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. भुकेला अन्न आणि उघड्यावरच्याला घर एवढ्यावर मदत संपत नाही, हे त्यातून कागदावर आलं.

आणखी एक गोष्ट घडली, तिचा मला आजही अभिमान वाटतो. पुनर्बांधणीच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं होतं. सरकारी योजना काय आहे, भिंतीत भूकंपरोधक पट्टा कसा घालायचा, पैसे कुठे अडले, हे त्या घरोघरी जाऊन सांगायच्या. ऑगस्ट १९९९ मध्ये तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला, तेव्हा या मराठवाड्यातल्या बायका तिकडे गेल्या. तिथल्या बायकांच्या संस्थेनं तात्पुरत्या वस्त्यांमध्ये आया आणि मुलांसाठी केंद्रं काढली होती. नऊवारी-सहावारीतल्या बायका तिथल्या बायकांशेजारी बसल्या आणि आपल्यावर काय गुदरलं, पुढे काय केलं, ते सांगू लागल्या. आंतरराष्ट्रीय प्रकल्प म्हटलं की मदत वरून खाली, श्रीमंत देशातून गरीब देशात येते असं आपण धरून चालतो. लामजना-सास्तूरच्या पट्ट्यातलं शहाणपण तुर्कस्तानात गेलं, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

तसंच मुलांसाठीच्या १०९८ या नंबरचं. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी ही दूरध्वनी सेवा सुरू केली. २००३ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं मुलांच्या हेल्पलाइनांचं जागतिक जाळं उभं राहिलं. आज शंभराहून जास्त देश त्यात आहेत. २०२३ पासून आपल्याकडे ही सेवा सरकारी यंत्रणेत गेली, पण नंबर तोच आहे, आणि तो मी माझ्या प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर वर्षभर लिहून ठेवला.

माझी नोकरी बहुतेक काळ सोलापूरच्या पूर्व भागातच झाली. तिथल्या घराघरांत आया सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असतात आणि मुली त्यांच्याशेजारी बसून विडीला दोरा गुंडाळतात. वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. या वस्तीत एकदा परदेशी निधीवरचा एक प्रकल्प आला. संस्थेचं नाव घेत नाही, आता त्याला काही अर्थ नाही. मुलांसाठी खोली घेतली, भिंती रंगवल्या, खेळणी आणली, बाहेरगावाहून शिकलेल्या दोन ताई आल्या. ताई खरंच चांगल्या होत्या. जी मुलं वर्गात तोंड उघडत नव्हती, ती त्यांच्यापाशी घरातली मारहाण, बापाची दारू, सगळं बोलू लागली. मुदत संपली आणि निधी थांबला. ताईंना निरोप घ्यायलाही पुरता वेळ मिळाला नाही. खोलीला कुलूप लागलं. त्यानंतर कितीतरी दिवस एक मुलगी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन पायरीवर दप्तर ठेवून बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, मी काय सांगितलं म्हणून त्या गेल्या?"

मला त्या संस्थेचा राग आला नव्हता असं म्हणणं खोटं होईल. आधीच माणसं गमावलेल्या मुलाला जवळ घ्यायचं, मन मोकळं करायला लावायचं आणि अठरा किंवा छत्तीस महिन्यांनी निघून जायचं, ही मदत नाही. मुलाच्या हिशोबात ते आणखी एक जाणं असतं.

कोविडच्या पहिल्या लाटेत एका ऑनलाइन शिबिरात मला जागतिक आरोग्य संघटनेची २०११ सालची मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका मिळाली. तिचा गाभा तीन शब्दांचा: पाहा, ऐका, जोडा. संकटातल्या माणसाला घडलेलं सांगायला भाग पाडू नका, असं त्यात स्पष्ट आहे. सांगावंसं वाटलं तर ऐका, नाहीतर शेजारी असा. त्याला काय लागतंय ते पाहा आणि जे देऊ शकतील त्यांच्याशी जोडून द्या. वाचताना मला सिव्हिलमधल्या आयाबाई आठवल्या.

कोविडच्या त्या काळात पूर्व भागात आणि पेठांमध्ये मृत्यू फार झाले. 'जोडा' या शब्दाचा अर्थ तेव्हा समजला. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारनं पाच लाखांची ठेव जाहीर केली होती, एक पालक गेलेल्यांसाठी बालसंगोपन योजना होती. महिन्याला १,१०० रुपये, पुढे ते २,२५० झाले. पण मृत्यूच्या दाखल्यावर कारण वेगळं, आधार कार्डावर नाव वेगळं, रेशन कार्ड दुसऱ्या जिल्ह्यातलं. नवरा गेलेली बाई सुतकात बसलेली आणि कागदपत्रांची मुदत चाललेली. समुपदेशन म्हणजे शांत खोलीत बसून बोलणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या आजीबरोबर महिला व बालविकास कार्यालयाच्या रांगेत उभं राहून पाहावं. घरात पहिले पैसे आले की मुलाच्या चेहऱ्यात काय फरक पडतो ते मी पाहिलं आहे. उद्या खायला आहे, शाळा सुटणार नाही, हे कळणं हासुद्धा मनाचा उपचारच असतो.

एका मुलाविषयी लिहिते, ओळख पटेल असं काही ठेवत नाही. वडील यंत्रमागावर होते, दुसऱ्या लाटेत गेले. मुलगा बाराएक वर्षांचा. तो रोज पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. बाहेर पडणारे कामगार मान खाली घालून निघून जायचे, कारण बोलायचं काय हे त्यांना कळत नव्हतं. मुलगा घरी बोलणं सोडू लागला होता. मी त्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं, नेलंही. सिव्हिलच्या मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "वडिलांच्या ओळखीचं कोण आहे?" वडिलांच्या शेजारच्या मागावर काम करणारे एक गृहस्थ होते. मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "बाई, मी शिकलेला नाही. मी काय बोलू त्याच्याशी?" मी म्हटलं, बोलू नका, त्याला घरापर्यंत सोडा फक्त. दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की ते त्याला सायकलवर मागे बसवून घरी सोडू लागले. वाटेत चहा, कधी भजी. कधीतरी त्यांनी सांगायला सुरुवात केली, की त्याचे वडील तुटलेला धागा किती झटपट जोडायचे. मुलगा त्या दिवशी घरी येऊन आईजवळ खूप रडला. मग बोलू लागला. आजही सणाला तो आधी त्या काकांच्या घरी जातो.

हे केवळ नशिबानं जमलं नाही, असं काम शिकवता येतं. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर वस्तीतल्या आज्यांना बसवलं, त्यांना प्रशिक्षण दिलं, आणि लोक आपलं दुःख त्यांच्यापाशी बोलू लागले. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ'नं साध्या, स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवून त्याचा खरोखर उपयोग होतो हे चाचण्यांतून दाखवलं. या दोन्ही कामांना परदेशी पैसा मिळाला आहे आणि तो सत्कारणी लागला, कारण तो वस्तीतच राहणाऱ्या माणसांवर खर्च झाला. गंभीर आजाराला डॉक्टर आणि औषध लागतंच. ते नाकारणाऱ्यांपैकी मी नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही मी पालकांना देते, तिथे मराठीत बोलता येतं.

निवृत्तीनंतर दर शनिवारी आमच्या घरच्या सोप्यात मुलं जमतात. पेठेतली असतात, पूर्व भागातली असतात, काही विडी घरकुल वसाहतीतून बसनं येतात. अभ्यास, गोष्टी, शेंगाचटणी-भाकरी. त्यांना आम्ही १० ऑक्टोबरला भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात नेतो. तो जागतिक मानसिक आरोग्य दिन आणि कोटणीसांचा जन्मदिवसही. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक युद्धात सापडलेल्या चीनला गेलं, बाकीचे पुढे परतले, सोलापूरचे कोटणीस मात्र १९४२ मध्ये तिथेच वारले. ते चिनी शिकले, तिथलेच झाले. मुलं दरवेळी विचारतात, "ते परत का नाही आले?" आणि यावर मुलांमध्ये जी चर्चा होते, ती मी कधी थांबवत नाही.

सध्या एका परदेशी प्रतिष्ठानच्या प्रतिनिधींनी आमच्या या शनिवारच्या गटाला निधी देण्याची तयारी दाखवली आहे. अर्जात दोन वर्षांचा कालावधी, साहित्य, रंगरंगोटी, कार्यशाळा आणि अहवाल यांचे रकाने आहेत. आम्ही साहित्याचा रकाना कोरा ठेवला. सोबत पत्र जोडलं, की आमच्याकडे दोन मुली आहेत. दोघी याच वस्तीत वाढल्या, एक समाजकार्य शिकली, एक मानसशास्त्र. दोघींच्या आया विड्या वळतात. त्यांचा पगार निदान दहा वर्षं द्या, घरभेटींचं बसभाडं द्या आणि अवघड मुलांबद्दल सल्ला घ्यायला महिन्यातून एकदा तज्ज्ञ द्या. निधी थांबवायचा झाला तर एक वर्ष आधी कळवा, म्हणजे मुलांना आम्ही नीट सांगू शकू. उत्तर यायचं आहे. तोवर दोघींचं मानधन माझ्या निवृत्तिवेतनातून आणि पेठेतल्या काही दुकानदारांच्या वर्गणीतून निघतं, आणि या शनिवारी त्यातली एक जण बालसंगोपनाचे चार नवे अर्ज भरायला बसणार आहे.